मुलूखगिरीचे नियम आणि त्यांची परिणती

मराठ्यांच्या इतिहासात ‘मुलूखगिरी’ हा शब्द जितका परिचित, तितकाच त्याचा आशय अनिश्चित राहिला आहे. शब्द फार्सी घडणीचा असून मुलूख काबीज करणे हा त्याचा धात्वर्थ होय. परंतु मुलूखगिरीस निघालेली फौज दर वेळी मुलूख काबीज करण्यासाठीच निघे असे नाही. पुष्कळदा ती परमुलखात सात-आठ महिने फिरे, तेथल्या चाऱ्यादाण्यावर पोसली जाई, शहरे व परगणे यांजकडून खंडणी घेई आणि मुलूख ज्याचा त्याच्याकडे ठेवून पावसाळ्यापूर्वी माघारी येई. या व्यवहाराला लूट म्हणावे, कर म्हणावे की युद्धाचा एक प्रकार म्हणावे, याविषयी विद्वानांत एकमत नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेच्या पद्धतीशी केली. सर जदुनाथ सरकार यांना ही तुलना मान्य नव्हती. चौथ दिल्याने मराठ्यांचा उपद्रव तेवढा टळे, परक्या स्वारीपासून अथवा अंतर्गत बंडाळीपासून संरक्षण करण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येत नसे, असे त्यांचे म्हणणे. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी चौथाई ही सेनानायकाने बळाच्या जोरावर बसविलेली लष्करी वर्गणी होय, असा मधला पण अधिक वस्तुनिष्ठ निर्णय दिला.

हा सर्व वाद हक्काच्या स्वरूपाचा आहे. परमुलखात शिरलेल्या फौजेने काय करावे, काय करू नये, मिळालेल्या द्रव्याचा हिशेब कोणाला द्यावा आणि एकाच मुलखात दोन फौजा शिरल्यास कोणी मागे सरावे, हे प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित राहिले आहेत. वस्तुतः या प्रश्नांची उत्तरे मराठी साधनांत विखुरलेली सापडतात. ती एकत्र लावून पाहिली असता मुलूखगिरीचे नियम दोन जातींचे होते असे दिसते. पहिले नियम ज्याच्या मुलखावर स्वारी जाई त्या रयतेला काही अंशी वाचविणारे. दुसरे, स्वारी करणाऱ्यांचे आपसांतील हिस्से व हद्दी राखणारे. शिवकालात हे दोन्ही एकाच हाताने चालविले जात. पुढील शतकात दुसऱ्या जातीचे नियम अत्यंत सूक्ष्म व काटेकोर होत गेले आणि पहिल्या जातीचे नियम हळूहळू कागदावरूनही नाहीसे झाले. हे असे का घडले, हाच येथील विवेचनाचा विषय होय.

शिवकालीन नियमांचे सर्वांत सविस्तर वर्णन कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत आहे. पावसाळ्यात लष्कराने स्वमुलखात छावणीस यावे. तेथे माणसांसाठी धान्य व औषधे, घोड्यांसाठी दाणा व वैरण यांची तरतूद आधीच करून ठेवावी. दसरा होताच लष्कर कूच करी. निघण्यापूर्वी लहानथोर सर्वांच्या वस्तभावेचा झाडा घेऊन याद केली जाई. मग आठ महिने परमुलखात पोट भरावे आणि खंडण्या घ्याव्यात. लष्करात बायको, बटीक अथवा कलावंतीण नसावी. जो बाळगील त्याची गर्दन मारावी. परमुलखात बायका-पोरे धरू नयेत, पुरुष सापडल्यास धरावा. गाय धरू नये. बैल धरावा तो केवळ ओझ्यासाठी. ब्राह्मणास उपद्रव देऊ नये आणि खंडणीपोटी त्याला ओलीस घेऊ नये. बदअंमल कोणी करू नये. वैशाखात फौज परतली म्हणजे सरहद्दीवर पुन्हा सर्वांचा झाडा घ्यावा, जातेवेळची याद समोर ठेवावी आणि जे अधिक भरेल ते ज्याच्या त्याच्या वेतनात वजा धरावे. फार किमतीचा ऐवज असेल तर तो सरकारात जमा व्हावा. कोणी चोरून ठेवल्यास व सरदारास कळल्यास त्याने शासन करावे. छावणीस पोहोचल्यावर सरदारांनी सोने, रुपे, जवाहीर, कापड यांचा हिशेब घेऊन महाराजांच्या दर्शनास जावे.

सभासदाने ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आश्रयाने लिहिली. स्वराज्य त्या वेळी मोगलांच्या कचाट्यात सापडले होते आणि थोरल्या महाराजांची शिस्त ही आठवणीची गोष्ट होऊ लागली होती. तेव्हा या वर्णनात आदर्शाचा काही रंग मिसळला असणे संभवनीय आहे. परंतु ते केवळ कल्पित म्हणून टाकून देता येत नाही. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणनजीक छावणीस असलेल्या जुमलेदार-हवालदारांस गेलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण एकदम उधळली तर पुढे पावसाळ्यात घोडी मरतील, मग लोक कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, भाजी ओढून आणू लागतील आणि रयतेला मोगल परवडला असे वाटू लागेल, अशी जरब त्यात दिली आहे. उंदराने दिव्याची जळती वात ओढून नेली तर वैरणीस आग लागेल, इतक्या बारकाईपर्यंत ते उतरते. हे पत्र स्वमुलखातील वर्तनासंबंधी आहे, परमुलखातील नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परमुलखातील वर्तनाविषयी उलट्या बाजूचा साक्षीदार आहे तो खाफीखान. शिवाजी महाराजांचा उल्लेख शिव्याशापांवाचून न करणाऱ्या या इतिहासकारानेही मशिदी, कुराण आणि स्त्रिया यांस उपसर्ग न देण्याचा त्यांचा कटाक्ष नमूद केला आहे. शत्रूची ही कबुली सभासदाच्या स्तुतीपेक्षा अधिक मोलाची मानावी लागते.

या नियमांचा गाभा कोठे आहे? गाय, ब्राह्मण, स्त्री यांस अभय देणारी कलमे वाचताना मन त्यांच्याकडेच वळते, कारण ती धर्मशास्त्राच्या परिचित भाषेत आहेत. परंतु शासनव्यवहाराच्या दृष्टीने खरा गाभा सरहद्दीवरील दोन झाड्यांत आहे. शिपायाला रोख वेतन होते. लुटीत त्याचा स्वतंत्र हिस्सा नव्हता. आणि जे त्याच्या खोगिरात सापडेल ते त्याच्याच वेतनातून कापले जाणार होते. अशा शिपायाला घरात शिरून गोरगरिबाची भांडी उचलण्यात फारसा स्वार्थ उरत नाही. रयतेचे जे काही संरक्षण होई ते या हिशेबामुळे होई. दयेचे कलम हिशेबाच्या कलमावर उभे होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

नियम कितीही कडक असले तरी मुलूखगिरी ही जरबेवरच चालणारी गोष्ट होती, हे सुरतेच्या प्रकरणावरून स्पष्ट होते. जानेवारी १६६४ मध्ये महाराज सुरतेजवळ येताच त्यांनी प्रथम सुभेदार इनायतखान आणि वीरजी व्होरा, हाजी झाहीद बेग, हाजी कासीम हे मोठे व्यापारी यांना समक्ष येऊन खंडणी ठरविण्याचा निरोप पाठविला. आधी मागणी, नकार आल्यावर लूट, हा क्रम महत्त्वाचा आहे. सुभेदार किल्ल्यात दडून बसला. तहाच्या बोलण्याचे निमित्त करून त्याने पाठविलेल्या माणसाने महाराजांवर खंजिराचा वार करण्याचा प्रयत्न केला. चार दिवस शहर लुटले गेले व त्याचा मोठा भाग जळाला. फ्रेंच प्रवासी बर्निये सांगतो की, कॅपुचिन पाद्री आंब्रोझ याच्या घराला धक्का लागला नाही. डच वखारीच्या एका मयत दलालाचे घरही, तो दानधर्मी होता असे कळल्यावरून, वगळण्यात आले. याच वेळी मराठ्यांच्या हाती सापडलेल्या अँथनी स्मिथ या इंग्रजाने, धन दडविल्याच्या संशयावरून लोकांचे हात व डोकी तोडण्याचे हुकूम सुटताना पाहिल्याचे सांगितले. बर्नियेची साक्ष घ्यावयाची आणि स्मिथची वगळावयाची, हा मार्ग अभ्यासकाला मोकळा नाही. दोन्ही साक्षी एकत्र वाचल्या म्हणजे नियमाचे खरे रूप कळते. शरण येणाऱ्याला व निरुपद्रवी माणसाला अभय होते. द्रव्य दडविणाऱ्याला ते नव्हते.

सुरतेची दुसरी लूट ऑक्टोबर १६७० मध्ये झाली. तीनंतर मात्र भाषा बदललेली दिसते. आता मागणी दरसालच्या रकमेची आहे. १६७२ मध्ये सुरतकरांना गेलेल्या निरोपात तिचे समर्थनही सापडते. बादशहाने महाराजांना आपल्या मुलखाच्या व प्रजेच्या रक्षणासाठी फौज बाळगणे भाग पाडले. तेव्हा त्या फौजेचा खर्च बादशहाच्या प्रजेने सोसला पाहिजे, असा हा युक्तिवाद होय. तो न्याय्य असो वा नसो, त्यामुळे लूट ही प्रासंगिक घटना न राहता आगाऊ सांगता येणारे देणे बनू लागली. त्याच वर्षी जव्हार व रामनगर ही कोळी राज्ये मराठ्यांच्या हाती आली आणि त्याबरोबर एक तयार नमुनाही हाती आला. दमणच्या पोर्तुगीज अमलाखालील गावे रामनगरच्या राजाला उपद्रव न करण्याबद्दल फार दिवसांपासून चौथ देत असत. नाव चौथ असले तरी प्रत्यक्ष रक्कम नेहमी चतुर्थांश भरे असे नाही. रामनगर घेतल्यावर महाराजांनी पोर्तुगिजांकडे तोच हक्क वारसाने मागितला. जी संज्ञा पुढे अटकेपासून कर्नाटकापर्यंत गाजली तिचा उगम कोकणच्या उत्तर टोकाच्या एका लहानशा संस्थानाच्या व्यवहारात आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

शिवकालीन व्यवस्थेचा पाया रोख वेतन हा होता. १६८९ नंतर तो पाया राहिला नाही. रायगड पडला, छत्रपती जिंजीस गेले, खजिना रिकामा. सरदारांना देण्यासारखे एकच होते. ते म्हणजे जो मुलूख अजून शत्रूच्या हाती आहे त्यावरील भावी हक्क. १६९१ मध्ये घोरपडे बंधूंना दिलेल्या आश्वासनात महाराष्ट्र, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि शेवटी थेट दिल्ली, अशा टप्प्यांनी सरंजामाची रक्कम वाटून दिली आहे. संकटकाळी या उपायाने राज्य वाचविले, यात शंका नाही. परंतु परमुलखात शिरणारा सरदार आता सरकारचा पगारी सेवक राहिला नाही. तो स्वतःच्या हिश्शाचा मालक झाला. सरहद्दीवर त्याचा झाडा कोण घेणार, आणि कापायचे वेतनच नसेल तर कशातून कापणार?

बाळाजी विश्वनाथाने या स्थितीला जे कायदेशीर रूप दिले ते १७१९ च्या सनदांत दिसते. दक्षिणेतील खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बेदर, हैदराबाद व विजापूर या सहा सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी, तसेच शिवकालीन स्वराज्य, शाहू महाराजांना मान्य करण्यात आले. त्याबद्दल स्वराज्यासाठी दहा लक्षांची पेशकश, चौथाईसाठी पंधरा हजार फौजेची चाकरी आणि सरदेशमुखीसाठी मुलखाचा बंदोबस्त, चोरीचा माल शोधणे किंवा त्याची भरपाई करणे, अशी बंधने घातलेली होती. म्हणजे कागदापुरते पाहिल्यास सरकारांचा आक्षेप येथे निरुत्तर होतो. घेणाऱ्यावर संरक्षणाची जबाबदारी होती. परंतु ही जबाबदारी कोणी कोणाकडे वसूल करावयाची? बादशाही सत्ता दिल्लीतच डळमळत होती आणि दक्षिणेत निजाम या सनदाच मानावयास तयार नव्हता.

उलट वसुलाच्या वाटपाकडे पाहावे. चौथाईच्या शंभर रुपयांपैकी पंचवीस राजाची बाबती. उरलेल्या पंचाहत्तरांपैकी सहा रुपये साहोत्रा, तो पंतसचिवाकडे. तीन रुपये नाडगौडा, तो राजाच्या मर्जीप्रमाणे. आणि बाकीचे सहासष्ट ऐन मोकासा, म्हणजे फौज बाळगणाऱ्या सरदारांचे. एकेका महालात अनेकांचे असे गुंतलेले हिस्से ठेवल्यामुळे कोणा एकाला सर्व वसूल गिळता येऊ नये आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या हिशेबावर नजर ठेवावी लागावी, ही यातील युक्ती. हिशेबाची ही कला अपूर्व होती. ब्राह्मण कारकुनाच्या लेखणीला त्यामुळे जे महत्त्व आले ते ग्रँट डफच्या नजरेतूनही सुटले नाही. मात्र हिशेब आता वसुलाच्या वाटणीचा होता. शिपायाने कोणत्या घरात शिरून काय आणले, याची याद करण्याचे कोणालाच प्रयोजन उरले नाही.

याशिवाय मागणीची रक्कम ठरविण्याची रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. चौथ आकारली जाई ती जुन्या तनख्यावर, म्हणजे मुलूख भरभराटीत असतानाच्या आकारणीवर. सहा सुभ्यांचा हा आकार कागदोपत्री सुमारे अठरा कोटींचा. पंचवीस वर्षांच्या लढायांनी उजाड झालेल्या परगण्यातून त्याचा चतुर्थांश निघणे अशक्यच होते. त्यामुळे जितके मिळेल तितके घ्यावयाचे आणि उरलेले बाकी म्हणून मांडावयाचे, हा शिरस्ता पडला. बाकी कधीच फिटत नसल्यामुळे स्वारीला निमित्त कधीच कमी पडत नसे. नियमाने मागणीला मर्यादा घालावयाची. येथे नियमानेच ती अमर्याद केली.

अठराव्या शतकाच्या मध्यावर हिस्सेदारांमधील नियम किती कडक झाले होते याची उदाहरणे मुबलक आहेत. १७३१ च्या वारणेच्या तहात तुंगभद्रेपासून रामेश्वरापर्यंतचा, अजून दोघांपैकी कोणाच्याही हाती नसलेला मुलूख सातारा व कोल्हापूर यांनी निमेनिम वाटून घेण्याचे ठरविले. त्याच वर्षी गुजरातेतील हक्कावरून पेशवे आणि सेनापती दाभाडे यांची डभईस लढाई होऊन त्रिंबकराव दाभाडे ठार झाला. १७४१ मध्ये माळव्याचा अधिकार मिळविताना नानासाहेबांनी बादशहाला इतर सुभ्यांत न शिरण्याचे वचन दिले. त्याला राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार व पिलाजी जाधव हे जामीन राहिले आणि पेशव्याने वचन मोडल्यास आपण त्याची चाकरी सोडू असे लिहून दिले. सेवकाने धन्याविरुद्ध असा जामीन राहावा, ही गोष्ट सामान्य नव्हे.

परंतु या दोन जातींच्या नियमांतील अंतर बंगालच्या प्रकरणाइतके अन्यत्र कोठेही उघड होत नाही. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचा कारभारी भास्करराम कोल्हटकर बंगालात शिरला. काटव्याजवळ तळ देऊन त्याने गंगेच्या पश्चिमेकडील मुलूख व्यापला. त्या आश्विनात भास्कररामाने तेथे दुर्गापूजेचा उत्सव थाटाने मांडला. तो पुरा होण्यापूर्वीच अलीवर्दीखानाने छापा घालून त्याला उठविले. पुढल्या वर्षी रघूजी स्वतः आला, तेव्हा बादशहाच्या सांगण्यावरून बंगालचे रक्षण करण्यासाठी दुसरी मराठी फौज आली. ती खुद्द पेशव्यांची होती. पलाशीजवळ पेशवे व अलीवर्दी यांची भेट होऊन शाहू महाराजांना बंगालची चौथ आणि पेशव्यांना फौजखर्चाबद्दल बावीस लक्ष रुपये, असा करार झाला. पेशव्यांनी रघूजीला बंगालबाहेर घालविलेही. त्याच वर्षी ऑगस्टअखेर शाहू महाराजांनी साताऱ्यास दोघांना समोर बसवून वाटणी करून दिली. माळवा, आग्रा, अजमीर, अलाहाबाद ही बाजू पेशव्यांची. लखनौ, पाटणा, बंगाल आणि वऱ्हाडापासून कटकापर्यंतची बाजू भोसल्यांची. एकाने दुसऱ्याच्या क्षेत्रात जाऊ नये.

ही वाटणी पाळली गेली. मराठी राजकारणातील सर्वांत यशस्वी करारांपैकी तो एक होय, असेच सामान्यतः म्हटले जाते आणि साताऱ्याहून पाहिल्यास ते खरेही आहे. अलीवर्दीने मात्र काही महिन्यांपूर्वी बावीस लक्ष देऊन जे संरक्षण विकत घेतले होते, ते या वाटणीने त्याच्या पश्चात रद्द झाले. मार्च १७४४ मध्ये भास्करराम पुन्हा बंगालात असताना अलीवर्दीने त्याला व त्याच्या सरदारांना बोलणीसाठी मनकरा येथे बोलावून डेऱ्यातच ठार केले. मराठी लेखकांनी या विश्वासघाताचा निषेध केला तो यथायोग्यच आहे. तथापि नबाबाच्या दृष्टीने करार आधी कोणी मोडला, हा प्रश्न त्यांनी क्वचितच विचारला आहे.

बंगालच्या रयतेने काय पाहिले याचे वर्णन गंगाराम नावाच्या समकालीन कवीच्या ‘महाराष्ट्र पुराण’ या बंगाली काव्यात आहे. बर्गी, म्हणजे आपल्याकडील बारगीर, आले असे कळताच गाव कसा पळाला याची त्यात एक लांब यादी येते. पंडित पोथ्यांची ओझी घेऊन निघाले, सोनार तराजू व वजने घेऊन, कासार तांब्यापितळेची भांडी घेऊन, कुंभार चाक घेऊन, कोळी जाळी घेऊन. पुढे रुपये मागणे, ते न मिळाल्यास हात, नाक, कान कापणे, स्त्रियांवर बलात्कार आणि घरे जाळणे यांचे वर्णन आहे. कवी अतिशयोक्ती करतो असे मानले तरी इतर समकालीन साधने त्याला पुष्टीच देतात. सभासदाने मनाई म्हणून जी जी गोष्ट सांगितली, तिची तिची नोंद येथे घडलेली घटना म्हणून सापडते.

या काव्याचा आराखडा मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक पाहिला पाहिजे. मराठ्यांची स्वारी हे मुळातच पाप आहे, असे गंगाराम म्हणत नाही. पृथ्वीवर पाप वाढले म्हणून शिवाने नंदीला शाहू राजाकडे पाठविले व पाप्यांना शासन करण्यासाठी फौज धाडविली, असा काव्याचा आरंभ आहे. पुढे भास्करानेच ब्राह्मण, वैष्णव व स्त्रिया यांची हत्या आरंभिली, तेव्हा देवी त्याच्यावर उलटली आणि नबाबाला अनुकूल झाली. म्हणजे ज्याचे घर जळाले तोही स्वारीला मर्यादा असते असे गृहीत धरूनच बोलतो. ती ओलांडली हीच त्याची तक्रार आहे. सभासद आणि गंगाराम यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल, पण मुलूखगिरीच्या पहिल्या जातीच्या नियमांविषयी दोघांची समजूत जवळजवळ एकच होती. ते नियम अठराव्या शतकात लोक विसरले होते असे म्हणता येत नाही. ते अमलात आणण्यात कोणाचाही हिस्सा उरला नव्हता.

१७५१ च्या तहाने बंगालची चौथाई दरसाल बारा लक्ष ठरली, ओरिसाचा वसूल भोसल्यांकडे आला आणि मराठी फौजेने सुवर्णरेखा नदी ओलांडू नये असे ठरले. ही मर्यादा टिकली. कलकत्त्याच्या इंग्रजांनी बर्गींच्या भयाने खणलेला, ‘मराठा डिच’ म्हणून प्रसिद्ध असलेला खंदक पुढे निरुपयोगी होऊन बुजला. रक्कम आणि नदी ही दोन्ही निश्चित असल्यामुळेच हा तह रयतेला लाभदायक झाला, हे येथे नमूद केले पाहिजे.

दक्षिणेत याच्या उलट अनुभव आला. नागपूरकरांचा घासदाण्याचा हक्क, म्हणजे फौजेने उभी पिके न तुडविण्याबद्दल घ्यावयाची पट्टी, औरंगाबाद प्रांतात इतका त्रासदायक झाला की, माधवराव पेशव्यांना जानोजी भोसल्यांशी लढून १७६९ च्या कनकापूरच्या तहात तो बंद करवावा लागला; त्याच तहात फौजांनी एकमेकांच्या मुलखातून नेहमीच्या वाटेनेच जावे असेही कलम आहे. माधवरावांनी नियम कडक करण्याची खटपट केली ती अशी हिस्सेदारांच्या बाबतीत. फौजेच्या मागोमाग जाणाऱ्या पेंढाऱ्यांच्या बाबतीत मात्र कोणालाच काही करता आले नाही, किंवा करावेसे वाटले नाही. पेंढाऱ्याला वेतन नसे. लुटण्याची परवानगी हेच त्याचे वेतन आणि त्याबद्दल लुटीतून पालपट्टी द्यावयाची. शिवकाली सरहद्दीवरचा झाडा शिपायाने लूट ठेवू नये म्हणून घेतला जाई. पालपट्टीसाठी त्याने अधिकाधिक लुटणे हेच सरदाराच्या हिताचे. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मोहिमेत शृंगेरीचा मठ लुटला गेला. गायब्राह्मणांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या छावणीतून शंकराचार्यांचा मठ लुटला जावा आणि त्याला मदतीचा हात टिपू सुलतानाने द्यावा, या घटनेने पुण्यासही लाज वाटली. पण दोष पेंढाऱ्यांवर ढकलून प्रकरण मिटविण्याचा जो कल मराठी लेखनात दिसतो तो पुरेसा नाही. पेंढारी छावणीत होते ते पालपट्टी देऊनच होते.

मुलूखगिरीच्या इतिहासाचा शेवटचा अंक काठेवाडात घडला. तेथे गायकवाडांची फौज मुलूखगिरीस निघे. गढीवाले गरासदार दरवाजे लावीत, चार गोळ्या झाडीत आणि मग मध्यस्थ घालून रक्कम ठरवीत. फौज वेशीपर्यंत आल्यावाचून पैसा देणे हा त्यांना कमीपणा वाटे. बाबाजी आपाजीसारखे सरदार या कामात वाकबगार होते. जुनागडचा नवाबही याच मुलखातून आपली वेगळी खंडणी घेई. तिचे नाव जोरतलबी, आणि ते यथार्थ होते. १८०७ मध्ये बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल वॉकर गायकवाडी फौज बरोबर घेऊन काठेवाडात उतरला. प्रत्येक संस्थानिकाची जमा त्याने कायमची ठरवून दिली आणि प्रत्येकाकडून फेलजामीन घेतला, म्हणजे शेजाऱ्याच्या मुलखावर धाड घालणार नाही, अशी जामिनासह हमी. १८२० मध्ये गायकवाडांनी काठेवाडात फौज न पाठविण्याचे कबूल केले आणि त्यांची खंडणी इंग्रज सरकार वसूल करून देऊ लागले.

वॉकरने ठरविलेले आकडे फौजेच्या दहशतीने पूर्वी जे मिळत होते त्यावरूनच काढलेले होते. त्यामुळे फौज गेली, आकडे राहिले. राजकोटच्या एजन्सीत ते दरसाल जमा होत आणि तेथून बडोद्यास व जुनागडास पोहोचविले जात. १९४७ पर्यंत हा क्रम चालू होता. जुनागडच्या रकमेपुढील शीर्षकही शेवटपर्यंत ‘जोरतलबी’ हेच राहिले.